शेजारच्या खुर्चीतल्या बाई

सांजवेळ:

बाबांना जाऊन ११ वर्षं झाली. काल कपाट आवरताना त्यांच्या रिपोर्टांची फाइल हाताला लागली. तिच्या शेवटच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात, वहीतून फाडलेला एक अर्धा कागद आहे. त्यावरचं अक्षर माझं नाही, घरातल्या कोणाचंच नाही. ज्यांचं आहे त्यांचं नाव मला माहीत नाही.

तेव्हा मी २४ वर्षांची होते. बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि रात्री घाईघाईने दाखल करावं लागलं. आई परगावी होती, भाऊही लांब. दोघांना पोचायला सकाळ होणार होती. आयसीयूच्या बाहेर खुर्च्यांची रांग होती, तिथे मी एकटी बसले होते. साडेबाराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले, उभ्याउभ्याच पाच-सात मिनिटं बोलले, संमतीपत्र हातात दिलं आणि "वाचून लवकर सही करा" म्हणून आत गेले. दार बंद झालं आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बोलण्यातलं मला काहीही आठवत नाहीये. त्यांचे ओठ हलताना दिसले होते, बस.

शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या. पंचेचाळीस-पन्नासच्या असतील. अंगात राखाडी स्वेटर, त्याची एक बाही मनगटाशी उसवलेली. त्या म्हणाल्या, "अगं, आधी बस. पाय बघ किती कापतायत." मी बसले. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि ओळीखाली बोट धरून हळू आवाजात वाचून दाखवला. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले, समजलं का?" मी मान हलवली. नाही. "मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. पर्समधून हा कागद काढला आणि लिहिलं: रक्त कुठे साठलंय, ऑपरेशन कशासाठी, धोका काय, नंतर किती दिवस बेशुद्ध राहू शकतात. चार ओळी. त्याखाली दोन प्रश्न आणि पुढे "हे विचार".

"आता उठ, दार वाजव आणि हे दोन विचारून ये. मग सही कर. रागावणार नाहीत. आणि रागावले तर रागावू देत."

मी गेले. डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे उत्तरं दिली, मी सही केली.

त्यानंतर किती तरी वेळ त्या बसून होत्या. "सगळं ठीक होईल" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मला रडू आलं तेव्हा पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला आणि तसाच राहू दिला. कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजले होते आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. पर्सही नव्हती. नंतर दोन दिवस मी त्यांना शोधत होते, पुन्हा दिसल्या नाहीत.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले. म्हणजे त्या कागदाने शेवट काही बदलला नाही. त्या तीन दिवसांत कोण भेटायला आलं, कोण काय बोललं, हे मला आता सांगता येणार नाही. पण ती उसवलेली बाही मी आजही कागदावर काढून दाखवीन.

एक गोष्ट मात्र सलते. त्या आमच्याच रांगेत बसल्या होत्या. म्हणजे त्यांचंही कोणीतरी आत होतं. कोण आहे, कसं आहे, हे मी विचारलंच नाही. आभार मानायचे राहिले त्याचं एवढं वाटत नाही, पण हे न विचारणं जात नाही मनातून.

तुमच्या आयुष्यात असं कोणी आलंय का? आणि अशी बोच राहिली असेल तर तिचं तुम्ही काय करता?

कवडसा:

दोनदा वाचलं. "आणि रागावले तर रागावू देत" या वाक्याशी दोन्ही वेळा थांबलो. भेदरलेल्या माणसाला त्या क्षणी एवढंच हवं असतं, कोणीतरी परवानगी दिल्यासारखं.

पांढरा_कोट:

मी त्या दाराच्या आतल्या बाजूचा माणूस. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्हाला काही आठवलं नाही यात तुमचा काहीच दोष नाही. रॉय केसल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती लगेचच विसरली जाते, आणि जी लक्षात राहते त्यातलीही जवळपास निम्मी चुकीची असते, असं त्यात आहे. जितकं जास्त सांगाल तितकं जास्त निसटतं. भीती असली की माणसाचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. "रक्तस्राव" हा शब्द ऐकला की पुढची दहा वाक्यं कानावर पडतात, आत पोचत नाहीत.

हे मला पुस्तकातून शिकावं लागलं. बोलणं झाल्यावर "आता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारायची पद्धत आहे. नातेवाईकाच्या हातात काहीतरी लिहिलेलं द्यावं, प्रश्न विचारायला जागा ठेवावी, हेही शिकवतात. तुमच्या शेजारच्या बाईंनी तेच केलं, त्याच क्रमाने: बसवलं, वाचून दाखवलं, काय समजलं ते विचारलं, लिहून दिलं, प्रश्न घेऊन परत पाठवलं. त्यातला एकही टप्पा चुकला नाही.

शेवट बदलला नाही असं तुम्ही म्हणता. पण ती सही तुम्ही समजून केलीत. समजून न घेता केलेल्या सहीचं ओझं वर्षानुवर्षं वागवणारी मुलंमुली मी पाहिली आहेत. "मी कशावर सही केली तेच मला कळलं नव्हतं" हे वाक्य घेऊन ती फार उशिरा परत येतात.

सांजवेळ:

हे मला कधी सुचलंच नव्हतं. बाबांच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टींचं वाईट वाटतं, पण त्या सहीचं कधीच वाटलं नाही. का वाटलं नाही ते आज समजतंय.

अर्धविराम:

माझी गोष्ट एवढीशी आहे. तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. तपासणी करून एकटीच बसने परत निघाले होते. उभी होते, दांड्याला धरून, आणि रडू आवरेना. गर्दीत रडणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर सगळीकडून. पुढच्या सीटवरची एक मुलगी उठली. मला बसायची खूण केली आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून अशा बेताने उभी राहिली की बाकीच्या बसला मी दिसूच नये. ओढणी जरा पसरून घेतली. काही बोलली नाही, वळून पाहिलंही नाही. जवळजवळ पाऊण तास. मधल्या थांब्यांवर गर्दी आत सरकायची, तिला धक्के बसायचे, पण ती जागची हलली नाही. मग तिचा थांबा आला आणि ती उतरून गेली.

मला तिचा चेहरा माहीत नाही. पाठ माहीत आहे.

निळी_छत्री:

अर्धविराम, यावर काही लिहिता येत नाहीये. वाचलं एवढं सांगते.

रोखठोक:

मला हा विषय थोडा टोचतो. का, ते सांगतो.

बायकोची केमो चालू होती तेव्हा माझी बहीण दर फेरीला यायची. सव्वा वर्ष. मुलांना सांभाळलं, रात्री जागली, स्वतःची नोकरी सांभाळून. त्याच काळात एका अनोळखी गृहस्थांनी तपासणीच्या रांगेत आपला नंबर आम्हाला दिला होता. चाळीस मिनिटं वाचली असतील. आज कोणी त्या दिवसांबद्दल विचारलं की माझ्या तोंडून पहिली गोष्ट निघते ती त्या गृहस्थांची. एकदा बहीण समोर बसलेली असताना मी ती सांगितली. ती ऐकत होती, मग उठून आत गेली.

परक्याचा एक तास आपण डबीत घालून जपतो आणि घरच्यांची वर्षं हिशेबातही धरत नाही. सांजवेळ, तुमच्या बाईंना कमी लेखायचं नाही. पण हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

जिज्ञासू:

रोखठोक, तुमच्या प्रश्नाशी थेट नातं असलेला एक प्रयोग आहे.

जेम्स कोअन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता त्यांच्यासमोर ठेवली. एका वेळी स्त्री एकटी, एका वेळी नवऱ्याचा हात हातात, एका वेळी पूर्ण अनोळखी माणसाचा हात. धोक्याला मेंदू देत असलेला प्रतिसाद तिन्ही वेळा मोजला. अनोळखी हातानेही तो प्रतिसाद काही प्रमाणात उतरला. म्हणजे सांजवेळ यांच्या पाठीवरचा तो हात खरोखर काहीतरी करत होता. पण सर्वांत जास्त शांत झाला तो नवऱ्याच्या हाताने, आणि ज्यांचं आपसात चांगलं जमत होतं त्यांच्यात आणखी जास्त.

आता दुसरी बाजू, आठवणीची. लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांचा १९९४ चा प्रयोग आहे. हेलावून टाकणारी गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहते. पण अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध आधी दिलं, तर तिचा तो जास्तीचा ठसा उमटत नाही. थोडक्यात, शरीर खळबळलेलं असताना जे घडतं ते खोल कोरलं जातं.

इथून पुढचं माझं स्वतःचं अनुमान. तुमच्या बहिणीने ती खळबळच उतरवली. ती होती म्हणून ते दिवस दिवसांसारखे गेले, आणि असे दिवस मेंदू कोरून ठेवत नाही. रांगेतले गृहस्थ भेटले तेव्हा तुम्ही बहुधा एकटे होता, घाबरलेले होता. म्हणून ते कोरले गेले. बहीण आठवत नाही ते तिने कमी केलं म्हणून नव्हे.

रोखठोक:

हो, रांगेत मी एकटाच होतो. बायको आत होती आणि बहीण मुलांजवळ घरी.

आत्ता बहिणीला फोन केला. यातलं काही सांगितलं नाही. नुसताच केला.

सावली_२:

एक वेगळी बाजूही नोंदवते. मदत करणारा प्रत्येक अनोळखी माणूस लक्षात राहतो तो चांगल्यासाठीच असं नाही. माझा मुलगा अपघातात गेला तेव्हा एका बाईंनी मला पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि मग "यातही काहीतरी चांगलं असेल, नंतर कळेल" असं समजावत राहिल्या. हेतू चांगलाच होता. पण पाणी विसरले आणि ते वाक्य अंगात रुतून बसलं.

सांजवेळ, तुमच्या बाई "सगळं ठीक होईल" म्हणाल्या नाहीत, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत. मला वाटतं सगळं त्यातच आहे. त्यांना माहीत होतं की ठीक होईलच असं नाही. तुमच्यापासून ते त्यांनी लपवलं नाही, आणि तरी बसून राहिल्या. बसून राहणं फार अवघड असतं हो. माणसं वाक्यं बोलतात ती बहुतेक वेळा त्या अवघडलेपणातून सुटण्यासाठी.

परतवाट:

मी उलट्या बाजूचा आहे. कोणी माझ्यासाठी थांबलं असं नाही, मी थांबलो नाही.

१७ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका परीक्षेला निघालो होतो, उशीर झाला होता. स्टेशनच्या जिन्यावर एक म्हातारे गृहस्थ खाली बसले होते. आजूबाजूला कागद पसरलेले, एक्स-रेचं मोठं पाकीट पायाशी. ते कागद गोळा करायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना जमत नव्हतं. माझी आणि त्यांची नजरानजर झाली. मी त्यांच्या बाजूने उतरून गेलो. एक कागद माझ्या बुटाखाली आला, तेही जाणवलं.

परीक्षेत पास झालो. त्यातला एक प्रश्नही आता आठवत नाही. ते गृहस्थ आठवतात. तेव्हापासून मी कुठेही जायचं असलं तरी अर्धा तास आधी निघतो. घरचे विचारतात, एवढी घाई कसली. आजपर्यंत कोणाला कारण सांगितलं नव्हतं.

जिज्ञासू:

परतवाट, तुम्ही अर्धा तास आधी निघता हे वाचून थबकलो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली नेमकं हेच दाखवलं होतं. प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे ४० विद्यार्थी. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय तर बायबलमधली ती गोष्ट, वाटेत घायाळ पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून नेणाऱ्याची. वाटेवर एक माणूस वाकून, कण्हत बसवून ठेवला होता. "तुम्हाला उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्केच थांबले. ज्यांच्या हाती भरपूर वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तुम्हाला मोकळं करायला हे लिहीत नाही. तो हक्क माझा नाही. पण कोणीही न सांगता तुम्ही त्या दिवसातून जे काढलंत ते बरोबर जागचं आहे. चांगलं वागण्याचे संकल्प पुष्कळजण करतात, तुम्ही वेळ मोकळा ठेवलात.

परतवाट:

कागद बुटाखाली आला होता, हे त्याने जात नाही. पण वाचलं. आभारी आहे.

निळी_छत्री:

सांजवेळ, त्या बाईंना शोधायचा प्रयत्न केला होतात का नंतर? की आता त्यांना आठवतही नसेल असं वाटतं?

सांजवेळ:

नाही केला. कशावरून शोधणार? नाव नाही, आजार माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. त्यांना विचारलं आणि उत्तर वाईट निघालं तर? त्यांच्या दृष्टीने ते कदाचित दोन-चार ओळींचं लिहिणं असेल, तेवढंच.

कवडसा:

त्यांना तसं वाटत असेल, याची शक्यता बरीच आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली यांचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. बर्फाच्या रिंकवर थंडीत आलेल्या लोकांना एकेक गरम पेयाचा पेला दिला आणि सांगितलं, हवा तर स्वतः ठेवा, हवा तर इथल्या कोणा अनोळखी माणसाला द्या. ज्यांनी दिला त्यांना वाटलं होतं त्याहून घेणाऱ्याला कितीतरी अधिक बरं वाटलं. कारण असं निघालं की देणारा वस्तूकडे बघतो, "एक पेला तर दिला". घेणाऱ्यापर्यंत मात्र "या माणसाला माझं काहीतरी वाटलं" हे पोचतं.

मलाही अधूनमधून प्रश्न पडतो, आपणही कोणाच्या फाइलमध्ये असू का? तेही न कळता.

रात्रपाळी:

१९ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. नेहमी नुसतं वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

बाहेरच्या त्या खुर्च्यांत दोन प्रकारची माणसं असतात, आज आलेली आणि बरेच दिवस असलेली. बरेच दिवस असलेल्यांना दाराचा आवाजही कळतो. कुठलं दार सिस्टर उघडते, कुठलं डॉक्टर उघडतात, हे न बघता सांगतात. त्यांना आत सोडतात ते दिवसातून एक-दोनदा, थोडा वेळ. बाकीचे तास नुसतं बसायचं. आपलं माणूस दोन भिंतींपलीकडे आणि आपल्या हातांना काहीच काम नाही. त्या रिकाम्या हातांनी माणसं खचतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

मग कोणीतरी नवीन येतं, घाबरलेलं. आणि हे जुने उठतात. फॉर्म कुठे भरायचा, रक्तपेढी कुठल्या मजल्यावर, फोन कुठे चार्ज करायचा, सगळं सांगतात. एक काका आठवतात. बायको व्हेंटिलेटरवर होती. दिवसभर त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण एका नवीन मुलाला केस पेपरवरच्या खुणा समजावून सांगताना त्यांचा आवाज अगदी शाळेतल्या मास्तरांसारखा स्थिर होता. मी हातातलं काम थांबवून ऐकत राहिले.

तुमच्या बाईंच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू? पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला, असं मला वाटत नाही. कधीकधी न विचारणारं माणूसच हवं असतं. विचारलं की सांगावं लागतं, आणि सांगितलं की बांध फुटतो. त्या रात्री त्यांना तेवढे काही तास फुटायचं नसेल.

आणखी एक. रिकामी खुर्ची म्हणजे दरवेळी वाईटच असं धरू नका. पहाटे नातेवाइकांना आम्ही कशाकशाला उठवतो. रक्त आणायला, औषध आणायला, तपासणीला न्यायचं असलं की सोबत चला म्हणून. कधी पेशंट शुद्धीवर येतो आणि नाव घेऊन विचारतो, तेव्हाही आम्ही बाहेर येऊन हाक मारतो. अशा हाकेला माणसं पर्स उचलून धावत आत येतात.

अर्धविराम:

रात्रपाळी, तुम्ही लिहीत जा.

सांजवेळ:

रात्रपाळीताई, तुमचं वाचून उठले आणि कागद पाकिटातून बाहेर काढला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. पाकिटाच्या मागे रिपोर्ट चिकटून बसला होता, त्यामुळे फक्त पुढची बाजू दिसायची. मागे काहीतरी लिहिलेलं आहे हे माहीत होतं, पण जुना, वापरलेला कागद असेल असं समजून चालले होते.

मागे त्याच अक्षरात एक यादी आहे. वेळा आहेत. आठ वाजता इंजेक्शन, पुढे बरोबरची खूण. दहा वाजता बीपी किती ते विचारणे, खूण. बारा वाजता सलाइन बदलली का बघायला सांगणे, खूण. दोन वाजता परत इंजेक्शन. त्यापुढे खूण नाही. कागद तोवर माझ्याकडे आला होता.

त्यांनी स्वतःच्या यादीचा कागद मला दिला होता.

सगळ्यात खाली, थोड्या मोठ्या अक्षरात आणखी एक ओळ आहे. सकाळी आईचा चष्मा आणायचा.